सात गावांवर पडलेले दगड

चांदकापूर, मानेगाव, जामखेड, भागूर, कळंबी, नाओकी, काटोल. महाराष्ट्राच्या नकाशावर ही सात नावे एका दमात घ्यावीत असे एरवी काही कारण नाही. वऱ्हाड, खानदेश, नगर, सातारा, मराठवाडा, नागपूर अशी ती विखुरलेली आहेत. पण अशनींच्या जागतिक नोंदींमध्ये ही सातही नावे आहेत, कारण या सात ठिकाणी आकाशातून दगड पडले. अशनी जिथे पडतो तिथल्या गावाचे किंवा जवळच्या ओळखीच्या ठिकाणाचे नाव त्याला कायमचे मिळते. शोधणाऱ्याचे नाव त्याला देत नाहीत आणि विकत घेणाऱ्याचेही नाही. चांदकापूर १८३८ चा, मानेगाव १८४३ चा, जामखेड १८६६ चा, भागूर १८७७ चा, कळंबी १८७९ चा, नाओकी १९२८ चा आणि काटोल २०१२ चा. यातले भागूर खानदेशातले, धुळ्याच्या बाजूचे. नाशिकजवळचे भगूर वेगळे. नाओकी त्या वेळच्या निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, परभणी आणि नांदेडच्या दरम्यानच्या पट्ट्यातले. नोंदीतले स्पेलिंग मराठी कानाला 'नावकी' असे ऐकू येते.

या सातांपैकी सातही अशनी दगडी आहेत, एकही लोखंडी नाही. गावाबाहेर पडलेला काळा दगड पाहून कोणालाही ते सारखेच वाटले असते. प्रत्यक्षात त्यांतले सहा एका जातीचे आहेत आणि एक अगदी दुसऱ्या जातीचा. त्या सहांतही दोन कुळे आहेत. हे कसे ठरवतात, आणि ते ठरवल्याने काय कळते, हे सांगण्यासाठी परदेशातल्या नामांकित अशनींकडे जाण्याची फारशी गरज नाही. दगडी अशनींचे वर्गीकरण बहुतांशी या सात गावांच्या आधारानेच समजून घेता येते.

नाव जुने, अर्थ नवा

आकाशात चमकून जाते ती उल्का; जमिनीवर पोहोचतो तो अशनी. मराठी विज्ञानलेखनात हा भेद आता रुळला आहे. 'अशनि' हा शब्द संस्कृतात मूळचा वज्राचा, विजेचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. ते वर्गीकरण दिसण्यावरून आणि शुभाशुभ फळांवरून केलेले होते. दगड हातात घेऊन, फोडून, त्यात काय आहे हे पाहून केलेले वर्गीकरण फार उशिरा आले. त्याची सुरुवात ज्या दगडांपासून झाली त्यांत एक भारतातला होता.

१९ डिसेंबर १७९८ रोजी काशीजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्यातले नमुने इंग्लंडला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञाने ते आणि युरोपात पडलेले काही दगड तपासून १८०२ मध्ये निष्कर्ष मांडला की, हे दगड एकमेकांपासून हजारो मैलांवर पडले असले तरी आतून सारखे आहेत आणि त्यांच्यातल्या लोखंडात निकेल आहे. पृथ्वीवरच्या साध्या खडकांत असे निकेलयुक्त धातूचे कण सापडत नाहीत. हॉवर्डचा सहकारी, खनिजतज्ज्ञ बूर्नों याने काशीच्या दगडात बारीक गोल गोळ्या असल्याचे नोंदवले. तोवर आकाशातून दगड पडतात हे म्हणणेच विद्वानांना खेडवळ वाटत असे. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावावर दिवसाढवळ्या हजारो दगड पडले, आणि वाद मिटला. शेतकरी जे सांगत होते ते खरे होते.

काशीच्या दगडातल्या त्या गोल गोळ्या आजच्या वर्गीकरणाच्या मुळाशी आहेत.

पहिला प्रश्न : हा दगड कधी वितळला होता का?

दगडी अशनी समोर आला की सर्वांत आधी एवढेच विचारायचे असते. उत्तर 'नाही' असेल तर तो कॉन्ड्राइट. 'होय' असेल तर अकॉन्ड्राइट.

दिवाळीच्या दिवसांत याला बुंदीच्या लाडवाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. लाडू फोडला की बुंदीचा एकेक दाणा वेगळा दिसतो आणि पाकाने ते दाणे एकत्र धरलेले असतात. कॉन्ड्राइटचे तसेच आहे. त्यात साधारण एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या गोल गोळ्या असतात. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. 'कण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझे याने १८६० च्या दशकात अशा दगडांना कॉन्ड्राइट म्हटले, आणि ते नाव टिकले. सूर्याभोवतीच्या आरंभीच्या धुळीत काही ठिकाणी अचानक प्रचंड उष्णता निर्माण झाली, धूळ वितळून थेंब झाली आणि काही तासांत थंड होऊन गोठली. ते थेंब म्हणजे हे कॉन्ड्रूल. म्हणजे प्रत्येक दाणा वितळून झालेला आहे. पण दाणे आणि बाकीची धूळ एकत्र येऊन जो दगड झाला, तो दगड नंतर कधी वितळला नाही. वितळला असता तर बुंदी राहिलीच नसती.

या दगडांतले सर्वांत जुने कण ४५६.७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सूर्यमालेचे वय आपण जे सांगतो ते याच कणांवरून. पृथ्वीवर एवढा जुना खडक मिळत नाही, कारण पृथ्वीने आपला सगळा माल पुन्हा पुन्हा वितळवला, दाबला, झिजवला.

आता दुसरे उदाहरण. लोणी कढवले की तूप वर राहते आणि बेरी तळाला बसते. एकदा असे झाले की मूळ लोणी परत मिळत नाही. पुरेसा मोठा लघुग्रह आतून तापून वितळला की त्याचेही असेच होते. जड लोखंड-निकेल मध्यभागी उतरते, त्याच्याभोवती मॅग्नेशियमयुक्त जड खनिजांचे आवरण होते आणि हलका वितळ वर येऊन कवच बनतो. लोखंडी अशनी बहुतांशी अशा गाभ्याचे तुकडे. अकॉन्ड्राइट हे आवरणाचे किंवा कवचाचे तुकडे. त्यांत कॉन्ड्रूल नसतात आणि धातूही जवळजवळ नसतो, कारण तो खाली निघून गेलेला असतो.

आपल्या सातांत चांदकापूर, जामखेड, भागूर, कळंबी, नाओकी आणि काटोल हे सहा कॉन्ड्राइट आहेत. न वितळलेले. मानेगावचा एकटा अकॉन्ड्राइट. हे प्रमाण अगदीच योगायोगाचे नाही. जगात डोळ्यांदेखत पडलेल्या आणि गोळा केलेल्या अशनींपैकी दहातले आठांहून जास्त कॉन्ड्राइटच असतात.

दुसरा प्रश्न : लोखंड किती, आणि कोणत्या रूपात?

सहा कॉन्ड्राइटांतले जामखेड आणि नाओकी एका गटात बसतात. चांदकापूर, भागूर, कळंबी आणि काटोल दुसऱ्या गटात. पहिल्याला एच म्हणतात आणि दुसऱ्याला एल. ही अक्षरे इंग्रजीतल्या 'जास्त' आणि 'कमी' या शब्दांची, आणि जास्त-कमी काय तर लोखंड. एच गटात एकूण वजनाच्या सुमारे २७ टक्के लोखंड असते, एल गटात सुमारे २२ टक्के. तिसरा गट एलएल. त्यात लोखंड त्याहून कमी आणि धातूच्या रूपातले तर फारच थोडे. काशीचा दगड या तिसऱ्या गटातला. या तिघांना मिळून साधारण कॉन्ड्राइट म्हणतात. ते नेहमी आढळतात म्हणून हे नाव, बाकी त्यांच्यात साधारण असे काही नाही.

लोखंड फक्त किती आहे एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे हेही पाहावे लागते. काही लोखंड चकाकणाऱ्या धातूच्या कणांत असते आणि काही ऑलिव्हीन व पायरॉक्झीन या खनिजांत ऑक्सिजनशी बांधलेले असते. ब्रिटिश म्युझियममधले जॉर्ज प्रायर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यातला नियम दाखवला. दगडात धातू जितका कमी तितके त्या धातूत निकेल जास्त, आणि तितकेच खनिजांत लोखंड जास्त. घरातले धान्य कणगीत कमी दिसले तर ते पोत्यांत गेले असणार, असा हा हिशेब. पुढे १९५३ मध्ये हॅरल्ड युरी आणि हार्मन क्रेग यांनी शेकडो जुनी रासायनिक विश्लेषणे चाळून, संशयास्पद ती बाजूला काढून दाखवले की, उरलेली दोन स्पष्ट ढिगांत पडतात, मधली जागा बरीचशी मोकळी राहते. एच आणि एल ही विभागणी तिथून आली.

ती मधली मोकळी जागा महत्त्वाची आहे. हे सगळे दगड एकाच मोठ्या पिंडाचे तुकडे असते तर लोखंडाचे प्रमाण हळूहळू बदलत गेलेले दिसले असते. ते तसे दिसत नाही. म्हणून एच आणि एल हे वेगवेगळ्या लघुग्रहांवरून आले असे मानतात. जामखेड आणि नाओकी यांच्यामध्ये ६२ वर्षांचे अंतर आहे, पण कूळ एक. आणि जामखेडचा दगड भौगोलिक दृष्ट्या कळंबीच्या जवळ पडला असला तरी त्यांचे नाते नाही.

तिसरा प्रश्न : किती भाजला?

गटाच्या अक्षरापुढे एक आकडा लिहितात. चांदकापूर एल ५. भागूर, कळंबी, काटोल एल ६. जामखेड, नाओकी एच ६. हा आकडा दगड न वितळता किती तापला ते सांगतो. व्हॅन श्मस आणि वुड या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६७ मध्ये ही पद्धत घालून दिली, आणि थोड्याफार सुधारणांसह ती आजही चालते.

पुन्हा लाडवाकडे येऊ. ताज्या लाडवात बुंदी सुटी दिसते, तो ३. तोच गरम करून मळला की दाण्यांच्या कडा पुसट होत जातात, ४, ५. शेवटी बुंदी होती एवढे जाणकाराला ओळखू यावे अशी अवस्था येते, तो ६. सहाव्या प्रकारच्या दगडाने सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमान लाखो वर्षे सोसलेले असते. अशनीचा अगदी पातळ काप, ०.०३ मिलिमीटर जाडीचा, काचेवर चिकटवून ध्रुवीय प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हे कळते. दगड इतका पातळ केला की त्यातून प्रकाश जातो. अशनींचे असे काप पाहण्यात इंग्लंडच्या हेन्री सॉर्बी यांनी एकोणिसाव्या शतकातच पुढाकार घेतला होता.

एवढी उष्णता कोठून आली? सूर्य तर दूर होता. उत्तर ॲल्युमिनियमच्या एका किरणोत्सारी भावंडात आहे, ॲल्युमिनियम-२६. त्याचे अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षांचे. आरंभीच्या धुळीत ते होते, दगड होताना आत अडकले आणि विघटन पावताना दगडाला आतून तापवत राहिले. लघुग्रहाच्या पोटात उष्णता कोंडली, पृष्ठभागाजवळ ती निसटून गेली. म्हणून ६ आकड्याचा दगड खोलवरचा आणि ३ चा पृष्ठभागाजवळचा, असे सर्वसाधारणपणे समजतात. जिथे पिंड आधी तयार झाला आणि मोठाही होता, तिथे ॲल्युमिनियम-२६ भरपूर होते. तिथे दगड नुसता भाजला नाही, वितळलाच. लोणी कढले ते तिथे.

महाराष्ट्रातले सहाही कॉन्ड्राइट ५ किंवा ६ आहेत, म्हणजे सगळे चांगले भाजलेले. कमी भाजलेला पाहायचा तर तमिळनाडूत १८५७ मध्ये पडलेला पर्नाली किंवा गुजरातमध्ये २८ जानेवारी १९७६ च्या रात्री पडलेला धजाला घ्यावा लागतो. दोन्ही ३ मध्ये मोडतात. आणि आकडा ३ च्या खाली गेला की गोष्ट उलटी होते. २ आणि १ हे आकडे कमी उष्णतेचे नसून पाण्याचे आहेत. त्या दगडांतून लघुग्रहावर असतानाच पाणी वाहिले होते आणि त्यातली खनिजे मातीसारखी झाली. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे पडलेला काळाशार, ठिसूळ दगड या प्रकारचा, कार्बनी कॉन्ड्राइट. असा दगड एका पावसात चिखल होऊन जाऊ शकतो.

किल्लारीचे बोअर आणि काटोलचा दगड

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर लातूर जिल्ह्यातल्या माणसाला जमिनीच्या पोटात काय आहे हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतले. वरचे ३३८ मीटर काळा बेसॉल्ट लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी खडक. नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला हे बोअरशिवायही दिसते. पश्चिमेकडे काळा दगड, आणि देगलूर-बिलोलीकडे गेले की बेसॉल्टचे पांघरूण संपून खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो.

किल्लारीच्या बोअरची पोहोच एवढीच. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. ६६० किलोमीटर खोलीच्या खाली सुरू होणाऱ्या थरात ब्रिजमनाइट हे खनिज सर्वांत जास्त आहे. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग त्याचाच. पण तो तुकडा वर आणता येत नाही. दाब उतरला की ते खनिज टिकत नाही.

काटोलचा दगड इथे उपयोगी पडला. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि दगड पडले. वर्गीकरण झाले, एल ६. तेवढ्यावर थांबले असते तर तो एका मोठ्या यादीतला आणखी एक एल ६ राहिला असता. पण त्यात काळ्या, बारीक शिरा होत्या. लघुग्रहांची टक्कर होते तेव्हा धक्क्याने दगड क्षणभर काही रेषांमध्ये वितळतो आणि लगेच गोठतो. त्या या शिरा. आयआयटी खरगपूरचे सुजय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शिरांत नैसर्गिक ब्रिजमनाइट शोधले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याआधी नैसर्गिक ब्रिजमनाइटची खात्रीशीर नोंद झाली तीही ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम या एल ६ अशनीतच. त्याच नोंदीमुळे खनिजाला २०१४ मध्ये नाव मिळाले. वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब त्या शिरांत काही क्षण होता, आणि लगेच थंड झाल्यामुळे खनिज अडकून राहिले. किल्लारीच्या बोअरला जे हजार पट खोल जाऊन मिळाले असते, ते काटोलच्या शेतात येऊन पडले.

एल गटात अशा धक्क्याच्या खुणा फार आढळतात. बऱ्याच एल दगडांचे धक्क्याचे वय सुमारे ४७ कोटी वर्षे निघते. त्या काळी एल गटाचा मूळ लघुग्रह मोठ्या टकरीत फुटला असे मानतात. त्याच वयाच्या स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणीत अशाच अशनींचे जीवाश्म म्हणावेत असे शंभरावर तुकडे सापडले आहेत. भागूर, कळंबी, चांदकापूर यांचे चुलत-आजोबाच ते.

मानेगावचा वेगळा दगड

आता एकटा उरलेला. खानदेशातल्या मानेगावचा दगड डायोजेनाइट गटातला आहे. त्यात कॉन्ड्रूल नाहीत, धातू नावापुरता. जवळजवळ सगळाच दगड एका प्रकारच्या पायरॉक्झीन खनिजाचा. असा दगड वितळलेल्या रसातून खनिज सावकाश खाली बसत गेले तरच होतो.

डायोजेनाइटचे सख्खे भाऊ दोन. युक्राइट म्हणजे बेसॉल्टच. आपल्या घराच्या जोत्याच्या दगडाचा हा आकाशातला जोडीदार, फक्त तो ४५० कोटी वर्षांहून जुना आणि आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटींचा. तिसरा हॉवर्डाइट, म्हणजे युक्राइट आणि डायोजेनाइट यांचे तुकडे आदळून-कुटून एकत्र झालेला. काशीचा दगड तपासणाऱ्या हॉवर्डचेच नाव त्याला मिळाले आहे. युक्राइट वरच्या कवचाचा, डायोजेनाइट त्याखालचा, हॉवर्डाइट पृष्ठभागावरच्या भुग्याचा. म्हणजे तिघे मिळून एका जगाचा छेद उभा करतात.

ते जग कोणते हेही ठाऊक आहे. १९७० मध्ये दुर्बिणीतून वेस्टा या लघुग्रहाचा वर्णपट घेतला तेव्हा तो युक्राइटशी जुळला. २०११ ते २०१२ या काळात नासाचे डॉन यान वेस्टाभोवती फिरले. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या त्या पिंडाच्या दक्षिण टोकाला जवळजवळ ५०० किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे आणि त्या परिसरात डायोजेनाइटसारखा खडक उघडा पडला आहे. इतका मोठा घाव बसला तेव्हा खोलचा माल अवकाशात उडाला. १८४३ मध्ये मानेगावला जो दगड पडला त्याचे घर इतके नेमके सांगता येते.

घर शोधण्याची रीत

असे घर सांगण्याचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे दगडातला ऑक्सिजन. ऑक्सिजनची तीन स्थिर भावंडे आहेत, १६, १७ आणि १८ वजनाची. शिकागोचे रॉबर्ट क्लेटन यांनी १९७३ पासून दाखवून दिले की, सूर्यमालेतल्या वेगवेगळ्या पिंडांत या तिघांचे आपापसातले प्रमाण वेगवेगळे असते. दगड वितळला, गोठला तरी त्या पिंडाची ही ठेवण बदलत नाही. पृथ्वी आणि चंद्र यांची ठेवण जवळजवळ एक आहे. मंगळाची वेगळी, वेस्टाची वेगळी, एच आणि एल गटांचीही आपापली वेगळी.

याचे भारतातले मोठे उदाहरण बिहारमधले आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी शेरघाटी येथे एक अकॉन्ड्राइट पडला. त्याच्या इंग्रजी नावावरून अशा दगडांना शेर्गोटाइट म्हणतात. या गटातले दगड इतर अशनींच्या मानाने फारच तरुण निघाले. इतक्या अलीकडे ज्वालामुखी जिवंत असलेला पिंड म्हणजे लघुग्रह नव्हे, ग्रह. १९८३ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या याच गटाच्या एका दगडात अडकलेला वायू तपासला गेला आणि तो १९७६ मध्ये व्हायकिंग यानाने मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. बिहारच्या एका गावाचे नाव आज मंगळाच्या खडकाचे नाव झाले आहे.

साधारण कॉन्ड्राइटांचेही एक घर थेट भेट देऊन तपासले गेले. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली. ती एलएल कॉन्ड्राइटची निघाली, म्हणजे काशीच्या दगडाची भावकी.

उरते काय

वर्गीकरणाला दगड लागतो. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण सगळे इथेच अडते. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले लोणारचे विवर १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. ते कोसळत्या पिंडाने केले हे सिद्ध झाले आहे, पण तो पिंड स्वतः शिल्लक नाही. त्याचा एकही तुकडा काचेवर घासून पाहता येत नाही. विवराच्या काचेसारख्या दगडांतल्या रासायनिक खुणांवरूनच त्याच्या जातीचा अंदाज करावा लागतो. उलट मानेगाव, जामखेड आणि भागूर यांचे जे जतन झाले ते दोन-चार तोळ्यांच्या घरातले आहे. तेवढ्या तोळ्यांवर दगडाची जात, कूळ, ताप आणि घर हे सगळे लिहिता आले.

आपल्या भागात दगड ओळखणे मात्र अवघड आहे, कारण सगळी जमीनच काळ्या दगडाची. गेली अनेक वर्षे कंधार, लोहा, अहमदपूर, औसा या बाजूंनी लोक माझ्याकडे दगड पाठवतात, आणि आजवरचे सगळे पृथ्वीचेच निघाले आहेत. बहुतेक पाण्याने गुळगुळीत झालेला बेसॉल्ट, काही जुन्या भट्ट्यांची धातुमळी, काही बीदरकडच्या जांभ्याचे लोहयुक्त गोळे. म्हणून काही साध्या खुणा सांगतो. अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी, जळकी साल असते आणि फुटलेल्या जागी आतला दगड फिका, राखाडी दिसतो. बेसॉल्ट आतबाहेर काळाच. बेसॉल्टमध्ये वायूच्या पोकळ्या आणि त्यांत पांढऱ्या गारा असतात. कॉन्ड्राइटमध्ये पोकळ्या जवळजवळ नसतात. चुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेला तर कॉन्ड्राइट तो स्पष्ट ओढतो. बेसॉल्टही किंचित ओढतो, तेवढ्यावरून फसू नये. एक कोपरा घासला की एच किंवा एल दगडात धातूचे चकचकीत ठिपके दिसतात. धातुमळीत बुडबुडे दिसतात. तांदूळ खेचणारा, हिरे असलेला, कोट्यवधींचा अशनी असे कोणी सांगू लागला तर तो दगड विकत नसून तुम्हाला फसवत आहे.

आकाशातून पडलेले सगळेच अशनी नसते हेही लक्षात ठेवावे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भ-मराठवाड्याने आकाशात जळत जाणारी रांग पाहिली आणि सिंदेवाहीजवळ धातूचे भलेमोठे कडे पडले. ते रॉकेटचे अवशेष होते.

खरा दगड पडलाच, तर तो पेटलेला नसतो. वातावरणात त्याची फक्त साल जळते, आतून तो थंड असतो. त्याला फोडू नये. पाण्याने धुऊ नये, तेल-शेंदूर लावू नये. गावाने त्याची पूजा करावी असे वाटणे समजण्यासारखे आहे, आणि देवळात ठेवलेला दगड सराफाच्या हातात गेलेल्या दगडापेक्षा सुखरूपही राहतो. पण तेल आतल्या धातूपर्यंत आणि कार्बनपर्यंत पोहोचते आणि मग तपासणी निकामी होते. कोरड्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पडल्याची जागा, दिवस आणि वेळ लिहून ठेवावी, आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला कळवावे. आपल्या देशात अशनींचे जतन तिच्याकडे आहे. हे लवकर करावे. अवकाशातल्या किरणांनी दगडात तयार झालेले काही किरणोत्सारी अणू काही तासांत, काही दिवसांत, सोडिअम-२२ सारखे काही दोन-तीन वर्षांत निम्मे होतात. ते मोजले की दगड अवकाशात केवढा होता ते कळते. कपाटात दहा वर्षे ठेवलेला दगड जात सांगेल. त्याच्या प्रवासाबद्दलचे पुष्कळसे तोवर संपलेले असेल.

नाओकीनंतर मराठवाड्यातून या नोंदीत नवे नाव गेल्याचे माझ्या वाचनात नाही. दगड पडायचे थांबलेले नाहीत. सोयाबीनच्या रानात, ज्वारीच्या ताटांत किंवा मांजरा-गोदावरीच्या गाळात ते पडत असणार. आठव्या गावाचे नाव कोणते, हे त्या गावातल्या पहिल्या माणसाने दगड उचलल्यावर त्याचे काय केले यावर ठरेल.